पाठीवर चालणारी अळी : नाशिकमध्ये फुलभुंगेरे पाळायचे असतील तर

मखमलाबादला मामाच्या द्राक्षबागेत खरड छाटणीआधी उकिरडा उपसायचं काम चाललं होतं. फावड्याच्या दर घावाला करंगळीएवढ्या जाड, पांढुरक्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या वर यायच्या आणि मामा त्या चपलेखाली चिरडायचा. "हुमणी आहे. एक सोडायची नाही." त्याची नजर चुकवून मी सात-आठ अळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या, वर मूठभर शेणखत घातलं आणि डबा इंदिरानगरला घरी आणला. रात्री जेवणं झाल्यावर त्या वर्तमानपत्रावर ओतल्या. थोडा वेळ सगळ्या तशाच वळून पडल्या. मग एक उलगडली, उताणी झाली, सहाही पाय छताकडे केले आणि पाठीवर, पट्टी लावल्यासारखी सरळ, कागदाच्या कडेपर्यंत निघून गेली. पाठोपाठ दुसरी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही उलटी का चालतेय?"

हुमणी, म्हणजे पिकांची मुळं खाणारी अळी, अशी चालत नाही. ही फुलभुंगेऱ्याची अळी होती. तेव्हापासून आमच्या बाल्कनीत काळ्या मातीचे डबे आहेत. आता ओळखीपाळखीचे लोक विचारतात की आम्हालाही पाळायचे आहेत, सुरुवात कशी करू. त्यांना दर वेळी फोनवर सांगते तेच इथे लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. रंगीत भुंगा दिसतो तो फार तर दोन-तीन महिने. बाकी वर्षभर तुम्ही मातीचा डबा सांभाळत असता, आणि त्या मातीत काय चाललंय ते वरून काही दिसत नाही. रोज काहीतरी हललेलं बघायचं असेल त्याने मासे पाळावेत.

आधी ओळख पटवा

फुलभुंगेरे म्हणजे दिवसा, उन्हात, फुलांवर आणि पिकलेल्या फळांवर येणारे भुंगेरे. शास्त्रात यांच्या उपकुळाला सेटोनिनी म्हणतात. शेणाचे गोळे ढकलणारे भुंगे, नारळावरचा गेंडा भुंगा आणि हुमणीचे भुंगेरे हे सगळे यांचे चुलतभाऊ, स्कॅराबिडी या एकाच कुळातले. म्हणून अळ्या लांबून सारख्या दिसतात आणि मामासारखी माणसं सगळ्यांना एकच शिक्षा देतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. परातीत किंवा कागदावर अळी ठेवा आणि दोन मिनिटं तिला हात लावू नका. हुमणी पायांवर किंवा कुशीवर घसटत वेडीवाकडी जाते. गेंडा भुंग्याची अळी पूर्ण वाढली की अंगठ्याहून जाड असते, डोकं मोठं आणि गडद. ती बहुतेक वेळ कुशीवर लोळते. फुलभुंगेऱ्याची अळी उताणी होते आणि चालू लागते. तिचे पाय अंगाच्या मानाने अगदी आखूड, डोकंही लहान. पाठीवर राठ केस असतात. ते जमिनीला टेकवत, अंगात लाटा उठवत ती पुढे सरकते, पाय नुसते वर हलत राहतात. भिंगातून बघा, वेळ कुठे गेला कळत नाही.

दुसरी खूण जागेची. हुमणी जिवंत मुळं खाते, म्हणून ती उभ्या उसाखाली, भुईमुगाखाली सापडते. फुलभुंगेऱ्याच्या अळीला कुजलेलंच लागतं: जुनं शेणखत, पाल्याचा ढीग, झाडाच्या ढोलीतला भुगा. त्यामुळे ती उकिरड्यात राहून खत बारीकच करत असते. हे मामाला पटवायला मला दोन वर्षं लागली. अर्थात उकिरड्यातही थोड्या हुमण्या सापडतात, त्या बाजूला काढा. आमच्याकडे त्या मामाच्या कोंबड्यांना जातात.

कोणते पाळावेत

सुरुवातीला प्रोटेशिया वंशातले. काळपट अंगावर पांढरे ठिपके असलेला प्रोटेशिया अल्बोगुटाटा आपल्याकडे मक्याच्या तुऱ्यावर, बाभळीवर, पिकून फुटलेल्या फळांवर दिसतो. साधारण दोन सेंटीमीटरचा, अंगाने दणकट, खायला नखरे नाहीत. उकिरड्यातल्या अळ्यांमधून माझ्याकडे बहुतेक हेच निघाले.

लाल-काळा, पांढरे ठिपके असलेला छोटा भुंगेरा तुम्ही गुलाबावर किंवा वांग्याच्या फुलावर पाहिला असेल. तो ऑक्सिसेटोनिया व्हर्सिकलर. दिसायला हा जास्त गोड, पण आकाराने लहान आणि घाईत असल्यासारखा सतत पळणारा. दुसऱ्या वर्षी घ्या.

आणि मग तो हिरवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीकडे जाताना गवताच्या तुऱ्यांवर, कधी बाजरीच्या कणसावर, अंगभर बारीक लव असलेला चकचकीत हिरवा भुंगेरा बसलेला असतो, पराग खात. काही काही तांबूस झाक मारतात. हा चिलोलोबा. बघून कोणाचाही जीव जातो त्याच्यावर, माझाही गेला. पण माझ्याकडे तो परागावर तीन आठवडे जगला आणि एकही अंडं मिळालं नाही. म्हणून नवख्यांना सांगते, याचा फोटो काढा आणि पुढे चला. त्याचा तो हिरवा रंगद्रव्याचा नाही, कवचाच्या पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा आहे. त्यामुळे मेलेला भुंगेराही वर्षानुवर्षं तसाच चमकतो. गवतात मेलेला सापडला तर तो डबीत ठेवायला कोणाची ना नाही.

उडताना यांच्याकडे नीट बघा. बाकीचे बहुतेक भुंगे उडताना पाठीवरची दोन्ही झाकणं उघडतात. फुलभुंगेरे झाकणं मिटलेलीच ठेवतात आणि कडेच्या खाचेतून आतले पंख बाहेर काढून उडतात. म्हणून ते एवढ्या झटकन उठतात, आणि म्हणूनच डबा उघडायच्या आधी खिडकी लावायची आणि पंखा बंद करायचा. पंखा बंद करायचं एकदा विसरले होते. पुढचं सांगत नाही.

आता कायद्याचं. आफ्रिकेतला पिवळा-तपकिरी फुलभुंगेरा, पॅक्नोडा, युरोपात हौशी लोक पाळतात आणि त्याचे व्हिडिओ बघून इकडच्या मुलांनाही तोच हवा असतो. परदेशातून जिवंत किडे परवानगीशिवाय आणता येत नाहीत; त्यासाठी १९१४ चा कीड कायदा आणि २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे. कारणही साधं आहे. उद्या तो बाल्कनीतून उडाला आणि दिंडोरीच्या बागांत रमला तर निस्तरणार कोण? पार्सलने 'विदेशी बीटल' विकणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. देशी किड्यांतही काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, आणि अभयारण्यातून, मग ते नांदूरमध्यमेश्वर असो की कळसूबाई-हरिश्चंद्रगड, अळी काय, पानही उचलायचं नाही. बोरगडचं राखीव क्षेत्रही तसंच सोडून द्या. आपल्याला गरजच नाही. ओळखीच्या शेतकऱ्याचा उकिरडा, स्वतःच्या सोसायटीचा पाल्याचा खड्डा, एवढ्यात आयुष्यभराचा नाद भागतो. आठ-दहा अळ्या पुरे.

माती म्हणजेच खाणं

इथे घाई करू नका. अळी ज्यात राहते तेच ती खाते, त्यामुळे माती बिघडली की घर आणि जेवण दोन्ही एकदम जातं. माझ्या जेवढ्या अळ्या मेल्या त्यातल्या बहुतेक मातीपायी मेल्या.

साध्या बागेच्या लाल मातीत अळी उपाशी मरते. तिला हवा कुजलेला पाला. नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये वड, उंबर, आंबा, वर्षावृक्ष यांची पानं रस्त्याच्या कडेला ढिगाने पडतात आणि सकाळी कोणीतरी त्यांना काडी लावतं. काडी लागायच्या आधी दोन पोती भरून आणा. घरी पाण्याने भिजवा, पोत्यात दाबून भरा, सावलीत ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा उलथं-पालथं करून पाणी शिंपडा. पाऊस सरेपर्यंत पानांचा काळा, हाताने चुरडणारा, पावसानंतरच्या जंगलासारखा वास येणारा भुसभुशीत माल होतो. आंबट वास आला तर अजून कुजतोय, थांबा. कडुनिंबाचा पाला अजिबात नको, तो किड्यांसाठी विषच आहे. निलगिरी आणि सुरूही नको.

दुसरा घटक शेणखत, तेही वर्षभर जुनं. ताजं शेण आतून तापतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि अळ्या भाजल्यासारख्या वर येतात. तिसरा घटक कुजकं लाकूड. पांढरी बुरशी लागून हलकं झालेलं, बोटांनी चुरा होणारं आंब्याचं किंवा उंबराचं ओंडकं मिळालं तर सोनं. फर्निचरवाल्याकडचा भुसा नको, त्यात प्लायवुडचा गोंद असतो.

माझं प्रमाण दोन घमेली पाला, एक घमेलं शेणखत, एक घमेलं लाकडाचा चुरा. काटेकोर नाही, पाला जास्त पडला तर बिघडत नाही.

ओल किती हवी? मूठभर माती घेऊन घट्ट दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटांच्या फटीतून पाणी सुटता कामा नये. लाडू फुटला तर पाणी कमी, थेंब पडला तर जास्त. रव्याचे लाडू वळणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही, इंजिनिअर मंडळींना मात्र तीनदा करून दाखवावं लागतं.

शेणखत कुठून आणायचं यावर जरा बोलते, कारण इथे मी फसले होते. दुसऱ्या वर्षी घरचा पाला संपला म्हणून शहरातल्या एका रोपवाटिकेतून खताची गोणी आणली. काळंभोर, चाळलेलं, सुंदर दिसणारं. चौदा अळ्या त्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर येऊन पडलेल्या. मला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून पंख्याखाली माती सुकवून परत घातल्या. आठवड्यात अकरा मेल्या, आणि त्यातल्या दोघींवर पांढरा, मग शेवाळी हिरवा थर चढला. मामाने डबा पाहिला आणि म्हणाला, "मेटारायझियम मारलंय यात." हुमणी मारायला शेतकरी ही बुरशी मुद्दाम शेणखतात मिसळतात. ती रसायन नसल्याने खत 'सेंद्रिय' म्हणून विकायला काहीच अडचण नाही, आणि बुरशीला फुलभुंगेरा आणि हुमणी यांत भेद करता येत नाही.

तेव्हा खत घेताना तीन प्रश्न विचारा. यात मेटारायझियम किंवा हुमणीचं काही औषध घातलंय का? गोठ्यात गोचिडांसाठी फवारणी कधी झाली? आणि गुरांना जंताचं औषध कधी दिलं? तिसरा प्रश्न ऐकून गवळीदादा चक्रावतात, पण आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात ते औषध उतरतं आणि शेणातल्या अळ्या मारतं. पटेल असं उत्तर आलं नाही तर खत घेऊ नका. आलं तरी नव्या मातीत आधी दोनच अळ्या टाका आणि आठ-दहा दिवस थांबा. त्या खाली जाऊन गपगार झाल्या तर बाकीच्या सोडा.

बाहेरून आणलेल्या पाल्यात गोम, वाळवी, नाना तऱ्हेचे पाहुणे येतात. गोम अळ्या खाते. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकखाली पाला दोन-तीन दिवस तापवला की पाहुणे जातात. नंतर पुन्हा ओला करून आठवडाभर मुरू द्या.

डबा

दहा-पंधरा लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, ज्यात आपण गहू भरतो तसा. झाकणाला तापवलेल्या सुईने भोकं, आतून मच्छरदाणीची बारीक जाळी चिकटवलेली, नाहीतर काळी चिलटं घर करतात. माती निदान १५ सेंटीमीटर. खालची हाताने चांगली दाबलेली, वरची सैल. डब्याला तारीख लिहून चिकटवा. लक्षात राहील असं सगळ्यांना वाटतं, कोणाच्याच राहत नाही.

डबा स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. लाल मुंग्यांना डबा सापडला तर एका रात्रीत सगळं संपतं. मुंग्यांचा खडू मात्र डब्याच्या आसपास ओढू नका, तो किड्यांचंच विष आहे. डासांचं लिक्विड ज्या खोलीत रात्रभर चालू असतं तिथेही डबा नको. पावसाळ्यात महापालिकेची धुराची गाडी गल्लीत शिरली की आधी बाल्कनीतले डबे आत, मग खिडक्या बंद.

अळ्यांचे महिने

दहा लिटरच्या डब्यात दहा-बारा अळ्या, त्याहून जास्त नकोत. गर्दी झाली आणि खाणं कमी पडलं की त्या एकमेकींना चावतात.

अळी तीन अवस्थांतून जाते, दोनदा कात टाकते. तिसऱ्या अवस्थेत ती दिवसरात्र खाते आणि चौकोनी-लांबट, खसखशीहून मोठ्या, कोरड्या लेंड्या टाकते. महिन्या-दीड महिन्याने वरची माती हातात घ्या. अर्धीअधिक लेंड्याच दिसल्या तर गव्हाच्या चाळणीने चाळा, अळ्या बाजूला करा, लेंड्या काढा आणि नवी माती भरा. जुन्या मातीतली तीन-चार मुठी माती परत मिसळा, म्हणजे अळ्यांना घर एकदम परकं होत नाही. अळी उचलायची ती चमच्याने, थोड्या मातीसकट. बोटांच्या चिमटीत धरली तर जखम होते, आणि जखम झालेली अळी काळी पडून मरते.

अळी वर आली आणि वरच फिरत राहिली तर काहीतरी बिनसलंय समजा. वास घ्या: आंबट किंवा उग्र असेल तर माती तापतेय किंवा सडतेय. दाबून बघा: पाणी सुटलं तर ओल जास्त. दोन्ही ठीक असेल तर लेंड्या जास्त झाल्यात.

नाशिकच्या हवेचं म्हणाल तर २४ ते २८ अंशांत अळ्या खुशीत असतात. जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास, निफाडकडे तर त्याहूनही खाली उतरतो. तेव्हा अळ्या खाणं जवळजवळ थांबवतात. घाबरू नका, पाणी कमी करा आणि त्यांना झोपू द्या. खरा धोका एप्रिल-मेचा. चाळिशीच्या उन्हात बाल्कनीतला प्लास्टिकचा डबा म्हणजे कुकर. त्या दोन महिन्यांत माझे डबे माठाशेजारी जमिनीवर असतात, भोवती ओलं गोणपाट गुंडाळून. गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. पाहुणे विचारतात, एवढे माठ कशाला?

कोषाला हात लावू नका

अळी पिवळसर, तुकतुकीत आणि जरा आळसट झाली, लेंड्या टाकणं थांबलं, की ती कोषाच्या तयारीत आहे. ती डब्याच्या तळाशी किंवा भिंतीला धरून माती आणि स्वतःच्याच लेंड्या चिकटवून एक डबी बांधते. बाहेरून ओबडधोबड, बोराएवढी. आतून मात्र लिंपलेल्या चुलीसारखी गुळगुळीत. त्यात ती कात टाकून कोष होते, आणि माझ्याकडे महिनाभराने त्यातून भुंगेरा झाला.

या काळात डबा हलवायचा नाही, उकरायचा नाही, चाळायचा तर नाहीच. कडेने थोडं पाणी शिंपडून माती जेमतेम ओलसर ठेवायची. मला माहीत आहे तुम्ही उकराल. सगळे उकरतात. पहिल्या वर्षी माझ्या लेकाने चमच्याने एक डबी फोडली, "बघतो जिवंत आहे का" म्हणून. आत मेणासारखा पिवळट कोष, पाय छातीवर दुमडलेले, हलवलं की नुसतं पोट गोल फिरवणारा. जिवंत होताच, पण आता घर फुटलेलं. कोष असा उघड्यावर राहिला तर सुकतो, किंवा त्यातून निघालेला भुंगेरा वाकड्या झाकणांचा होतो.

त्यावर उपाय आहे. फुलवाल्याकडे गुच्छात फुलं खोचायला तो हिरवा स्पंज असतो, ओअॅसिस म्हणतात त्याला. त्याचा तुकडा आणा, पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवा, पाणी निथळू द्या. चमच्याच्या टोकाने कोषापेक्षा थोडा मोठा, लांबट खळगा कोरा, बोटाने दाबून आतून गुळगुळीत करा. कोष चमच्याने उचलून त्यात ठेवा, स्पंज डबीत, डबी अंधारात. आमचा तो भुंगेरा सत्तावीस दिवसांनी निघाला. निघाला तेव्हा त्याची पाठीवरची झाकणं पांढरी होती, अगदी दुधाळ. संध्याकाळपर्यंत ती तपकिरी झाली, मग दोन दिवसांत काळपट, आणि ठिपके तेवढे पांढरे राहिले. लेक शाळेतून आला की दप्तरासकट त्या डबीपाशी. फुटलेल्या घराचा एवढा फायदा झाला खरा, एरवी हे सगळं मातीच्या आत होऊन जातं आणि आपल्याला दिसत नाही.

मातीच्या डबीतला भुंगेरा तयार झाला तरी लगेच बाहेर येत नाही. कवच कडक होईपर्यंत आतच बसून राहतो, कधी कधी कित्येक आठवडे. बाहेर पहिला पाऊस पडला की डब्यातही थोडं जास्त पाणी शिंपडते. एखाद्या सकाळी झाकणाखाली खरखर ऐकू येते.

भुंगेरे आणि अंडी

भुंगेऱ्यांना मोठा डबा हवा, तळाशी १५-२० सेंटीमीटर तीच माती, वर एखादी वाळकी फांदी आणि सालीचे तुकडे. उताणा पडलेल्या भुंगेऱ्याला धरायला काही मिळालं नाही तर तो पाय झाडत दमून मरतो. उजेड हवा, पण थेट ऊन नको. सकाळी खिडकीपाशी दोन तास पुरतात. थंड, अंधाऱ्या दिवशी ते मातीत जाऊन झोपतात. मेले समजून फेकू नका.

खायला पिकलेलं केळं सगळ्यात उत्तम. आंबा, सफरचंद, पेरूही चालतो. एक दिवसाआड बदला, नाहीतर चिलटं आणि तांबूस बारीक कोळीकिडे वाढतात. फळ थेट मातीवर न ठेवता बाटलीच्या झाकणात ठेवा. चायना ग्रासमध्ये गूळ आणि कुस्करलेलं केळं घालून जेली लावली तर ती तीन-चार दिवस टिकते. आणि नाशिककरांनो, द्राक्षं नकोत. आपल्या बागांत फवारण्या किती होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. घरच्या मांडवावरचा बिनफवारणीचा घड असेल तर वेगळी गोष्ट.

नर-मादी ओळखायला भुंगेरा अलगद उलटा करा. नराच्या पोटावर मधोमध उभी पन्हळ असते, मादीचं पोट भरलेलं, सपाट. दोन नरांमागे तीन-चार माद्या ठेवते, कारण नर जास्त झाले की माद्यांना खाऊही देत नाहीत आणि अंडी घालायला खालीही जाऊ देत नाहीत.

मादी दाबलेल्या मातीत खोल जाऊन एकेक अंडं घालते. बारीक साबुदाण्याएवढं, पांढरं. घातलं तेव्हा लांबट, मग ओल शोषून फुगतं आणि गोल होतं. शोधत बसू नका. महिन्याने मोठे भुंगेरे दुसऱ्या डब्यात हलवा आणि पहिल्या डब्याला तसंच राहू द्या. दहा-पंधरा दिवसांत अंडी फुटतात, आणखी महिन्याने वाढलेल्या अळ्या काढून वेगळ्या डब्यांत वाटा.

सगळं नीट जमलं तर दुसऱ्याच वर्षी अळ्यांची संख्या तुमच्या घरापेक्षा मोठी होते. ओळखीच्यांना द्या. शाळेतल्या बाई खुशीने घेतात, पाठीवर चालणारी अळी बघून पहिलीतली मुलं शांत बसतात म्हणे. उरलेल्या जिथून आणल्या त्याच उकिरड्यात परत सोडा. फुलभुंगेरे फुलं आणि पराग खातात, मक्याचा तुरा, वांग्याची फुलं, गुलाब, त्यांना सगळं सारखंच, त्यामुळे शेजाऱ्याच्या शेताच्या बांधावर नेऊन सोडायचे नाहीत.

चाळून निघालेल्या लेंड्या फेकू नका, कुंड्यांना त्याच्यासारखं खत नाही. फक्त कुंडीत घालण्याआधी परातीत पसरून उजेडाखाली नीट बघा. अंड्यातून नुकती निघालेली अळी शेवयाच्या तुकड्याएवढी, जवळजवळ पारदर्शक असते, सहज सुटते. गेल्या वर्षी मी न बघताच गुलाबाच्या मोठ्या कुंडीत लेंड्या ओतल्या. पुढच्या जुलैत त्याच कुंडीतून चार भुंगेरे निघाले, आणि बाहेर आल्या आल्या सासूबाईंच्या गावठी गुलाबाच्या पाच कळ्या खाल्ल्या.